पुसट अक्षरांचें ऋण

शिलालेख खोदणाऱ्याच्या मनांत काळ असतो. जाहिरात रंगविणाऱ्याच्या मनांत बाजार असतो. पहिल्याचीं अक्षरें शतकानुशतकें टिकावीं अशी त्याची इच्छा असते. दुसऱ्याचीं अक्षरें पुढील पावसाळ्यापर्यंत टिकलीं तरी धन्याचे पैसे वसूल होतात. परंतु काळाला असले हेतु वाचतां येत नाहींत. कित्येक ताम्रपट वितळून त्यांचीं भांडीं झालीं, आणि केशतेलाची एखादी जाहिरात मात्र मालक गेला, दुकान गेलें, आणे-पैही गेले, तरी भिंतीवर उभीच राहिली. अशाच एका जाहिरातीसंबंधीं आम्हांस नुकताच एक निर्णय घ्यावा लागला. निर्णय लहान होता. त्यानें उभा केलेला प्रश्न मात्र आम्हांस लहान वाटला नाहीं, म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची चाळ गिरगांवांतली. पावसाची झड लागूं नये म्हणून तिच्या बाजूच्या भिंतीवर फार पूर्वीं पत्रे मारलेले होते. गतवर्षीं दिवाळीनंतर दुरुस्तीसाठीं ते काढले, तेव्हां त्यांखालून एक जाहिरात बाहेर आली. मोकळ्या केसांची एक पाठमोरी स्त्री, शेजारीं बाटली, आणि तिच्या भोंवतीं कांहीं पुसट, कांहीं चांगलीं ठसठशीत अक्षरें. तेलाचें नांव बरोबर मध्यावर खपलून गेलेलें. खालीं ‘किंमत आठ आणे’, आणि त्याखालीं ‘मुंबई ४’. भिंतीवर साल लिहिलेलें नव्हतें. पण भिंत वाचतां आली तर ती आपलें वय सांगते. दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ पासून सुरू झालीं. तेव्हां आठ आण्यांची ही किंमत बहुधा त्यापूर्वींची. सहा आंकड्यांचा पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजीं. तोंपर्यंत गिरगांव म्हणजे नुसतें ‘मुंबई ४’. शिवाय ‘केंस’ ह्या शब्दाच्या डोक्यावर तो अनुस्वार होता, ज्याला १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं रजा दिली. आम्ही स्वतः ती रजा अजून मंजूर केलेली नसल्यामुळें त्या अक्षरांविषयीं आम्हांस प्रथमपासूनच आपुलकी वाटली, हें कबूल करतों.

परंतु भिंत गळत होती. गिलावा आंतून सुटला होता. हात मारला तर पोकळ वाजे. मिस्त्रीनें स्वच्छ सांगितलें कीं, विटेपर्यंत सारा काढल्याशिवाय गत्यंतर नाहीं. भाडेकरू मंडळाची सभा भरली आणि तींत दोन पक्ष पडले. कांहीं म्हणाले, हा आपला वारसा आहे, तो राखला पाहिजे. कांहीं म्हणाले, आमच्या खोलींत ओल येते तीही वारसाच आहे काय? आम्ही पहिल्या पक्षांत होतों.

आमच्या पक्षाची बाजू अगदींच लंगडी नव्हती. जाहिरात ही ह्या वस्तीची उपरी पाहुणी नव्हे. ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला तो गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत. १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’नें पहिल्यानें तोंड उघडलें तें गिरगांवांतीलच मॅजेस्टिकमध्यें. नाटकें आणि बोलपट आले कीं त्यांच्यामागून फलक रंगविणारे आलेच. ज्यांच्या चित्रांना पुढें जगभर मोल आलें, त्या मकबूल फिदा हुसेन यांनीं मुंबईंतील उमेदवारीच्या दिवसांत सिनेमाचे फलक रंगवूनच पोट भरलें. उत्तरेकडे परळ, लालबाग, दादर इकडे तर कारखान्यांचीच वस्ती. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिलेली ताडदेवची गिरणी १८५६ मध्यें चालूं झाली, आणि पुढील अर्धशतकांत तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्यांनीं गिरणगांव नांवाचें एक नवें गांवच वसविलें. अर्देशिर गोदरेज यांनीं १८९७ सालीं कुलुपांचा कारखाना घातला तो लालबागेंत. ‘अमृतांजन’ १८९३ सालीं प्रथम तयार झालें तें ह्याच शहरांत. दांडेकर बंधूंची घोडा छाप शाई १९३१ मधली, आणि पेंढरकरांचें विको १९५२ सालीं परळांत जन्मलेलें. कुलूप, बाम, शाई, दंतमंजन: ही सारी चार-आठ आण्यांची, मध्यमवर्गाच्या व कामगारांच्या घरांत जाणारी चीजवस्त. तिचें गिऱ्हाईक पायीं चालणारें होतें. वर्तमानपत्र विकत घ्यावें लागे. भिंत फुकट वाचावयास मिळे. भोंगा होण्यापूर्वीं गिरणीकडे निघालेला मनुष्य रोज तीच भिंत दोनदां पाही, आणि अक्षरओळख थोडी असली तरी बाटली व केस त्याला समजत.

हें काम कसें होई, तेंही थोडेंसें सांगितलें पाहिजे. प्रथम भिंतीवर चुन्याचा हात. मग खडूनें माखलेली दोरी दोन टोंकांस ताणून मध्यें उचलून सोडली कीं सरळ रेघ उमटे. तिच्याखालीं रंगारी अक्षरें टांगीत जाई. रंग म्हणजे अळशीच्या तेलांत खललेला सफेता. काळ्यासाठीं काजळी, तांबड्यासाठीं शेंदूर किंवा हिरमुजी. सफेता आणि शेंदूर हीं दोन्हीं शिशाचीं अपत्यें. शिशाचा रंग गिलाव्यांत खोल मुरतो व उन्हापावसाला सहजासहजीं दाद देत नाहीं; म्हणूनच साठ-सत्तर वर्षांनंतरहि तो आपल्याशीं बोलतो. परंतु तेंच शिसें कुंचला धरणाऱ्याच्या अंगांतहि मुरत असे. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. जें टिकलें तें कोणाच्या जिवावर टिकलें, हा विचार जुन्या अक्षरांचें कौतुक करतांना सहसा कोणास सुचत नाहीं. आम्हांसहि तो उशीरानेंच सुचला.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ही जाहिरात खरी होती काय? आठ आण्यांच्या तेलानें कोणाचे केस गुडघ्यापर्यंत पोहोंचले असतील, असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणजे ज्या वस्तूला वारसा म्हणून कवटाळावयास आम्ही निघालों, ती मुळांत एक थाप होती. थाप जुनी झाली म्हणजे पूज्य होते काय?

अमेरिकेंत हा प्रश्न कायद्यापुढेंच आला होता. तेथें खेड्यांतील लांकडी कोठारांच्या भिंतींवर ‘मेल पाउच’ नांवाच्या चघळावयाच्या तंबाखूची जाहिरात रंगविलेली असे. हार्ली वॉरिक नांवाच्या एकाच रंगाऱ्यानें आपल्या हयातींत अशीं वीस हजारांच्या आसपास कोठारें रंगविलीं. १९६५ सालीं हमरस्त्यांच्या सुशोभनाचा कायदा झाला आणि रस्त्याकांठच्या जाहिरातींवर गदा आली. तेव्हां हीं कोठारें वांचविण्यासाठीं १९७४ मध्यें कायद्यांत अपवाद करावा लागला. तंबाखूनें किती लोकांचे जबडे खाल्ले, तें कोणीं विचारलें नाहीं. अक्षरें लोकांच्या डोळ्यांस संवयीचीं झालीं होतीं, तेवढें पुरलें. आपल्याकडे २००३ च्या कायद्यानें तंबाखूच्या जाहिरातीला मनाई केली आहे. समजा, परळांतील एखाद्या भिंतीवर विडीची जुनी जाहिरात उघडी पडली, आणि तेलाच्या जाहिरातीला लावलेला न्याय आम्ही तिलाहि लावूं लागलों, तर आमची न्यायबुद्धि शाबूत राहील काय?

ह्यावर विचार करतां आम्हांस असें दिसलें कीं, थापेला दोन टोंकें असतात: एकीकडे लाभ इच्छिणारा, दुसरीकडे फसूं शकणारा. दोघेही निघून गेले म्हणजे थापेचा दंश जातो आणि साक्ष तेवढी उरते. ती साक्ष मालाविषयीं नसते; ती गिऱ्हाइकाविषयीं असते. विकणारा मालाचे गुण कल्पनेनें रचूं शकेल, पण गिऱ्हाइकाची इच्छा त्याला रचतां येत नाहीं. ती त्याला अचूक ओळखावी लागते, नाहीं तर दिवाळें निघेल. त्या भिंतीनें तेलाविषयीं खोटें सांगितलें असेल. परंतु दोन खोल्यांच्या संसारांत, नळावरच्या रांगेंत, एखाद्या बाईला आठ आण्यांत थोडें रूप हवें होतें, हें तिनें खरेंच सांगितलें. त्या बाईच्या इच्छेची नोंद दुसऱ्या कोणत्याहि दप्तरांत झालेली नाहीं. विडीच्या भिंतीची गोष्ट निराळी; तेथें फसणारा अजून जिवंत आहे, रोज त्याच रस्त्यानें जातो, आणि खोकतो. तेव्हां जुनेपणा हा स्वतः गुण नव्हे. कोणी अजून फसूं शकतो काय, हें आधीं पाहावें; फसूं शकत असेल तर ती भिंत कितीहि जुनी असली तरी तिला जाहिरातच समजावें.

पण वारसा कोणता आणि विद्रूपण कोणतें, हें तरी ठरवावयाचें कोणीं? महाराष्ट्रांत १९९५ सालीं मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. परवानगीवांचून भिंतीवर जाहिरात रंगविणें हा त्यानें अपराध ठरविला. त्याच १९९५ सालीं मुंबईच्या वारसा-इमारतींच्या जतनाची नियमावलीहि अंमलांत आली. एकाच वर्षानें एका हातानें भिंतीवरील अक्षरास गुन्हेगार ठरविलें, आणि दुसऱ्या हातानें जुन्या भिंतीस आदरणीय ठरविलें. आम्ही ह्याला विसंगति म्हणत नाहीं. नवें अक्षर दुसऱ्याच्या भिंतीवर आक्रमण करतें. जुनें अक्षर भिंतीचाच एक भाग होऊन बसलेलें असतें. परंतु ह्या दोहोंमधील सीमारेषा कायद्याच्या कलमांत सांपडत नाहीं. ती केवळ काळ ओढतो, आणि काळ कोणाला विचारून ओढीत नाहीं. आज ज्यांना आपण विद्रूपण म्हणतों त्यांतील कांहीं उद्यां आपल्या नातवांना वंद्य वाटेल, ही शक्यता मनांत ठेवली तर निदान आपला तिरस्कार थोडा सौम्य होईल.

तथापि एवढें खरें कीं, रंगविलेल्या भिंतीला एक मर्यादा होती. तिला भिंतीहून मोठें होतां येत नसे. विसावें शतक संपतां संपतां यंत्रावर छापलेलें प्लास्टिकचें कापड आलें, आणि मग जाहिरातीला भिंतीची गरज उरली नाहीं. लोखंडी सांगाडे उभारून ती आकाशांत चढली. १३ मे २०२४ रोजीं घाटकोपरास वादळी वाऱ्यांत असाच एक अवाढव्य फलक पेट्रोल-पंपावर कोसळला आणि १७ माणसें प्राणांस मुकलीं. भिंतीवरचें अक्षर कोणाच्या अंगावर पडत नाहीं. फार झालें तर तें झिजतें.

इतकें सारें आम्ही सभेंत मोठ्या तयारीनें मांडलें. त्यावर दुसऱ्या पक्षाचें उत्तर असें कीं, मुंबईच्या शहर-विभागांतील इमारतींच्या दुरुस्तीसाठीं मंडळ नेमलें गेलें तेव्हां उपकर भरणाऱ्या अशा इमारती १९,६०० च्या वर होत्या, आणि त्यांतील बहुसंख्य १९४० पूर्वींच्या. त्यांतल्या प्रत्येकीला जर आपापली भिंत पवित्र वाटूं लागली तर माणसांनीं राहावें कोठें? हें उत्तर आम्हांस टोंचलें, कारण त्यांत तथ्य होतें. ओलीच्या खोलींत राहणाऱ्याला पुसट अक्षरांचें सौंदर्य दिसत नाहीं, हा त्याचा दोष नव्हे. ज्यांचें मूल त्या खोलींत खोकत नाहीं त्यांनाच तें प्रथम दिसतें. गिरणगांवाचें असेंच झालें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. तो कधीं रीतसर संपलाच नाहीं, गिरण्या मात्र एकामागून एक संपल्या. आज लोअर परळास फिनिक्स मिलचें नांव एका मोठ्या मॉलनें धारण केलें आहे. नांव राहिलें. त्या गिरणींत पिंज्याची धूळ छातींत घेऊन ज्यांनीं जन्म काढला त्यांचें काय राहिलें, हें त्या नांवावरून कळत नाहीं. वारसा जपण्याची ही तऱ्हा आम्हांस नको होती. परंतु आमची तऱ्हा हिच्याहून निराळी आहे, हें आम्हांस सिद्ध करतां येईना.

सभा अशी अडली असतां दुसऱ्या मजल्यावरील एक आजी बोलल्या. त्या मूळच्या लालबागच्या. यजमान वारल्यापासून येथें लेकीकडे राहतात. त्यांचे यजमान गिरणींत होते आणि जोडीला पाट्या व भिंती रंगवीत, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. आम्ही विचारलें, “आजी, मग तुम्हांला काय वाटतं? ठेवावी ना ही भिंत?”

आजी म्हणाल्या, “भिंत गळते ना? मग मला काय विचारतां? आमचे हे दिवसपाळी करून आले कीं शिडी घेऊन निघायचे. भिंत मिळाली कीं पहिलं काम काय, तर आधीच्याचीं अक्षरं चुन्यानं पुसायचीं. दोन वर्षांनीं यांचींही कुणी पुसायचा. यांनीं कधीं मनाला लावून घेतलं नाहीं. संप झाला तेव्हां ह्याच कुंचल्यावर चूल पेटली. पुढं तें प्लास्टिकचं कापड आलं, आणि कुणी बोलवीनासंच झालं. त्याचं मात्र त्यांनीं मनाला लावून घेतलं.”

मग थोडें थांबून त्या म्हणाल्या, “एक होतं मात्र. पुसायच्या आधीं खालीं उभे राहून तें जुनं अक्षर बघायचे. चांगलं असलं तर म्हणायचे, ‘ह्याचा हात बरा आहे.’ कोण होता, कुठला होता, चहाच्या दुकानांत विचारून यायचे. आणि मग चुना.”

आम्ही जें दोन तास शोधीत होतों तें ह्या चार वाक्यांत होतें. आमच्या पक्षानें धरून ठेवण्याला कृतज्ञता मानलें होतें आणि पुसण्याला कृतघ्नता. त्या रंगाऱ्यानें दोन्हीं एकाच भिंतीवर, एकाच संध्याकाळीं केलीं होतीं. आणि हें आम्हांस नवीन वाटावें, हीच लाजेची गोष्ट. आमच्याच गिरगांवांत, केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणपति बसतो. लालबागचा गणपति १९३४ पासूनचा. वर्षानुवर्षें आम्ही उत्तमांतील उत्तम मूर्ति घडवून आणतों, आणि नेमलेल्या दिवशीं ती चौपाटीवर पाण्याला देतों. तिला कपाटांत ठेवावी असें कोणास वाटत नाहीं, आणि पाण्यांत सोडली म्हणून कोणी आम्हांस कृतघ्न म्हणत नाहीं. कां? कारण मूर्ति उचलण्यापूर्वीं उत्तरपूजा होते. कोणाला निरोप देत आहों, हें पाहिल्यावांचून कोणी हात लावीत नाहीं.

कोणी म्हणेल, तीं अक्षरें नव्या गिलाव्यावर पुन्हां तशींच रंगवून घ्यावीं. मग भिंतहि वांचली आणि वारसाहि. अशी सूचना सभेंत आलीच होती. आम्हांस ती पटली नाहीं. त्या जुन्या अक्षरांची किंमत त्यांच्या आकारांत जितकी होती तितकीच त्यांच्या निरुपायांत होती; एका मनुष्यानें उन्हांत शिडीवर उभें राहून मजुरीसाठीं तीं काढलीं होतीं. आज तींच अक्षरें आम्ही शोभेसाठीं काढवून घेतलीं तर तो त्या मनुष्याचा वेष होईल, तो मनुष्य होणार नाहीं. उलट, झांकणें म्हणजे नेहमीं नष्ट करणेंच असें नाहीं. सप्तशृंगगडावर २०२२ सालीं देवीच्या मूर्तीवरील शेंदराचें जाड कवच काढलें तेव्हां आंत मूर्तीचें जुनें स्वरूप सुखरूप निघालें. आमच्या भिंतीचा गिलावा धड असता तर आम्हीहि वरून नुसता चुना दिला असता, आणि पुढच्या कोणासाठीं तीं अक्षरें आंत निजवून ठेवलीं असतीं. पण आमच्या दैवीं ती सोय नव्हती.

शेवटीं गिलावा काढण्याचें एकमतानें ठरलें, व मिस्त्रीकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली. चाळींतल्या मुलांनीं परांचीवर चढून पारदर्शक कागद भिंतीला लावले आणि अक्षरन् अक्षर त्यांवर उतरून घेतलें, छायाचित्रें काढलीं, किंमत, पत्ता, बाटलीचा आकार, रंग कोठें किती उडाला, सारें वहींत टिपलें. आजींना खुर्ची देऊन खालीं बसविलें होतें. रंगाऱ्याचें नांव कोठें सांपडतें का तें आम्ही पुष्कळ शोधलें, नव्हतें. आजी म्हणाल्या, नांव घालायची पद्धतच नव्हती. वहींत त्या जागीं आम्हीं ‘रंगारी: नांव लिहिलेलें नाहीं’ असें लिहिलें, कारण रिकामी जागा सोडली असती तर तो कोणीच नव्हता असें वाटलें असतें.

पांचव्या दिवशीं सकाळीं चाळींतलीं बरींचशीं माणसें खालीं जमलीं. कोणीं बोलावलें नव्हतें. मिस्त्रीनें छिनी लावण्यापूर्वीं वर पाहिलें, मग खालीं आमच्याकडे पाहिलें. आजी बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत होत्या. मग त्या हलकेच म्हणाल्या, “हात बरा होता हो,” आणि त्यांनीं मान हलविली.

गिलावा अपेक्षेपेक्षां लवकर सुटला. आंतल्या विटा चांगल्या निघाल्या. ते कागद आतां मंडळाच्या कपाटांत, गणपतीच्या मखराच्या सामानाशेजारीं गुंडाळून ठेवले आहेत. ह्या पावसाळ्यांत त्या बाजूच्या खोल्यांना ओल आली नाहीं.